सायखेड्याची वायनरी आणि खालच्या पायरीवरचा दिवा

आधीच सांगतो, मला वाईनमधलं काही कळत नाही. तीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, हातात एक तर पाना, नाहीतर चहाचा ग्लास. पण माझा मेहुणा विलास नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाला आणि त्याच्या डोक्यात धंदा शिरला. मुंबईची माणसं नाशिक रोड स्टेशनवरून उचलायची, दोन दिवसांत तीन वायनऱ्या दाखवायच्या, मधे मधे आपल्याकडचं खायला घालायचं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यायची. त्यानं वहीत रस्ता आखून आणला होता, लाल पेनाने.

"दाजी, एकदा फिरून बघू. रस्ते तुम्हाला माहीत, गाडी तुमची."

"आणि तुझं काय?"

"चव माझी."

बायको सुमन आतून म्हणाली, "मी पण येते. प्यायला एक, चालवायला एक, शुद्धीवर एक पाहिजे ना कोणी."

तर फेब्रुवारीत दोन दिवस काढले. ज्यांना असं जायचंय त्यांनी फेब्रुवारीतच जावं. तेव्हाच द्राक्षं उतरवतात, तेव्हाच रस आंबत असतो. बाकीच्या महिन्यात नुसत्या टाक्या बघायच्या. टाक्या मी पुष्कळ बघितल्यात.

पहिल्या दिवशी सकाळी सातला निघालो. गावात मिसळ खाल्ली, काळ्या मसाल्याची, वर पापड, बाजूला दही. वीस रुपये. विलासला वाटलं मुंबईच्या लोकांना तिखट लागेल. लागू दे. तिखट लागल्याशिवाय आल्याचं कळणार कसं? तिथून गंगापूर रोडने धरणाकडे. रस्ता चांगला, फक्त गावाबाहेर पडल्यावर धुकं इतकं दाट की व्हॅनचं नाकसुद्धा दिसेना. दोन्ही बाजूला द्राक्षाचे मांडव. एका ठिकाणी गाडी थांबवून मी काच पुसत होतो. धुक्यातून कट, कट, कट आवाज येत होता. नीट बघितलं तर दहा-बारा बायका मांडवाखाली उभ्या, तोंडाला फडकी, हातात कात्र्या, घड उतरवतायत. एवढ्या बायका आणि एकीचाही आवाज नाही. आपल्याकडे दोन बायका शेतात असल्या तरी पलीकडच्या शिवारात ऐकू जातं.

"का हो बोलत नाहीत?" सुमन म्हणाली.

"थंडी आहे," मी म्हटलं. गाडी काढली. पण ते मलाही बरं वाटलं नाही.

धरणाजवळची वायनरी मोठी आहे. पाच ग्लास चाखायचे शंभर रुपये, फिरवून दाखवणं त्यातच. एक मुलगी पुढे चालत होती आणि ग्लास गोल फिरवत होती. "काका, आधी नाक घाला." विलासने नाक घातलं, ग्लास रिकामा करून बाहेर काढलं. टाक्यांच्या हॉलमध्ये एवढाले पंखे, जमिनीपासून हातभर उंचीवर, घोंघावत होते, एक अक्षर ऐकू येईना. मी म्हटलं एवढा गोंगाट कशाला, आणि बाहेर येऊन बसलो. माझं हे असंच. काही दाखवायला लागले की मला बाहेर जायची घाई.

दुपारी गिरणारेवरून दिंडोरीकडे. हा रस्ता अर्धा खडीचा आहे, लहान गाडी असेल तर सांभाळून. एका शेतातल्या खानावळीत बाजरीची भाकरी, काळं मटण, कांदा. ताट साठ रुपये, भाकरी पाहिजे तेवढी. बाहेर बांधावर ओला हरभरा झाडासकट भाजत होते. आम्ही त्याला हुळा म्हणतो. हात काळे करून तो खाल्ला आणि दुसरी वायनरी बघून घरी. पहिला दिवस विलासच्या वहीप्रमाणे पार पडला, वाचणाऱ्यांनी तो तसाच्या तसा उचलला तरी चालेल.

दुसऱ्या दिवसाचं मात्र आधी वाचा, मग ठरवा.

औरंगाबाद रस्त्याने चांदोरी, तिथून गोदावरीच्या पुलावरून सायखेडा. पुलावर गाडी थांबवा. नदीत जुनी देवळं बुडालेली आहेत, पाणी उतरलं की वर येतात. त्या दिवशी दोन शिखरांची टोकं तेवढी पाण्याबाहेर होती, त्यावर बगळे. नदी हलत नव्हती. सुमनने हात जोडले. विलास म्हणाला, "ताई, इथे फोटो काढायला पाच मिनिटं धरू."

सायखेड्याच्या पुढे नदीच्या काठाने मातीचा रस्ता जातो, तिथे अण्णांची वायनरी. नवीन, पहिलाच हंगाम, फाटकावर बोर्ड अजून रंगवायचा होता. विलासने शेवटचा मुक्काम म्हणून हीच ठेवली होती, कारण अण्णांची बायको जेवण घालते आणि चाखायचे पैसे घेत नाहीत.

आम्ही साडेअकराला पोचलो. शेडसमोर द्राक्षांचे क्रेट एकावर एक, उन्हात. त्यावर मधमाश्या. आणि लिंबाखाली सहा बायका बसलेल्या, हात मांडीवर. काम नाही, बोलणं नाही. हंगामात क्रेट उन्हात ठेवून मजूर बसलेले मी कधी बघितले नाहीत. दुपारपर्यंत माल गरम झाला की रस घडातच बिघडतो, एवढं मलाही माहीत.

अण्णा बाहेर आले. साठीचे, चष्मा, पांढरा सदरा, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. "या. आज आमच्याकडे संप आहे. भुताचा."

"कसला?" विलास.

"आसरांचा." अण्णा हसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बायका. नदीकाठी, विहिरीपाशी सात दगडांना शेंदूर लावलेला दिसतो, त्या त्याच. माणसाला ओढून नेतात म्हणतात. अण्णांनी तळघर खणलं तिथे काठावर ते सात दगड होते. त्यांनी ते उचलून बांधापलीकडे ठेवले. "आता यांना तळघरात बाई दिसते. चला, तुम्हाला दाखवतो."

तळघर म्हणजे अर्धी शेड जमिनीत उतरवलेली. थंड राहायला. मशीन घ्यायची ऐपत नाही, तर जमिनीची थंडी घेतली, हे मला पटलं. बारा पायऱ्या. आम्ही खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबलो, कारण पुढे टाक्यांची दाटी. धरणावरच्या वायनरीत पंखे घोंघावत होते, इथे शांतता. नुसती टाक्यांच्या नळ्यांतून गुडगुड. भिंतीपलीकडे पाच-सहा माणसं हळू आवाजात काही ठरवतायत, असा तो आवाज. नाकात झिणझिण्या आल्या. सोडा पिऊन ढेकर दिल्यावर येतात तशा.

समोरच्या भिंतीत कोनाडा, माझ्या तोंडाच्या उंचीला. त्यात पणती तेवत होती.

"ही बघा," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवशी या बायकांनी दिवा खाली पायरीवर ठेवला. विझला. परत लावला, परत विझला. झालं, आसरांना दिवा नको! मी उचलून इथे वर ठेवला. चार दिवस तेवतोय. म्हटलं, तुमच्या आसरांना वर चढता येत नाही वाटतं."

विलास मोठ्याने हसला. तो आवाज टाक्यांत शिरला आणि जरा उशिराने परत आला.

"पण गॅस होतो ना यात?" मी विचारलं.

"होतो की. रस आंबला की गॅस होणारच. गॅस कुठे जातो? वर. म्हणून वर झरोके ठेवलेत."

झरोक्यांत पोती कोंबली होती. मी बोट दाखवलं.

"चिलटं येतात, आणि ऊन. रात्री काढतो. अहो, दिवा तेवतोय म्हणजे हवा आहे, सरळ हिशेब."

माणूस शिकलेला, दिवा डोळ्यासमोर तेवत होता, आणि मला बाहेर जायचं होतं. मी मान हलवली.

जेवायला बसलो. अण्णांच्या बायकोने, माईंनी, नदीतल्या माशांचं कालवण केलं होतं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. या प्रवासातलं सगळ्यात चांगलं जेवण तेच. पण माईंचं लक्ष ताटात नव्हतं.

"अहो, आज नका ना," त्या म्हणाल्या.

"आजच. माल उन्हात आहे." अण्णांनी हात धुतले आणि आम्हाला समजावलं. बायकांनी अट घातली होती, दगड जागेवर आणा, मग खाली उतरू. अण्णा म्हणाले, मी दुपारची झोप खाली काढून दाखवतो. दोनला उठून वर आलो तर तुम्ही निमूट कामाला लागायचं. बायका हो म्हणाल्या होत्या. म्हणून लिंबाखाली बसल्या होत्या, वाट बघत.

एक वाजता अण्णा चटई आणि उशी काखेत घेऊन खाली उतरले. दाराशी वळून बायकांना म्हणाले, "आसरांना निरोप आहे का कोणाचा?"

त्यातली सगळ्यात म्हातारी, सखूबाई, तिने फक्त पदर डोक्यावर ओढला. अण्णांनी आतून दार लोटून घेतलं.

विलास आणि मी नदीकडे गेलो. बांधापलीकडे ते सात दगड सापडले, बाभळीखाली, एकावर एक टाकलेले. शेंदूर वाळून उडालेला. विलास वहीत लिहीत होता, "जेवण उत्तम, रस्ता खराब." तेवढ्यात सुमन आणि सखूबाई मागून आल्या. सखूबाईला दगडांना पाणी घालायचं होतं.

सुमनने सरळ विचारलं, "मावशी, तुम्ही बघितली का हो ती बाई?"

"बघितली नाय, बाई. भोगली." सखूबाई लोटा टेकवून बसली. "मागल्या आठवड्यात लय ऊन व्हतं, म्हणून खाली फरशीवर आडवी झाले. आधी ती छातीवर बसती. श्वास घेऊ देत नाय. वाटतं आता मेले. मग उठती, आन् आपलं डोकं मांडीवर घेती. मग काय नाय. मग लय बरं वाटतं. सुनेनं पाय धरून ओढलं म्हणून आले, नायतर मी कशाला येते?"

विलासची वही बंद झाली.

"मग तुम्ही परत उतरला नाही?" सुमन.

"दिवा राहीना ना खाली. आमच्या सासूनं सांगितलेलं, आसरांच्या जागी उतरायचं तर दिवा पायापाशी ठेवायचा. राहिला तर जायचं. विझला तर त्या घरात हायत, आपण बाहेर. मालकानं उचलून वर ठिवला. वर कोणाला पायजे दिवा? माणूस काय वर झोपतो?"

सुमन माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुम्ही विहिरीत कंदील सोडायचात ना? तो कुठपर्यंत सोडायचात?"

मी नदीवरून मान वळवून शेडकडे बघितलं.

नव्वदनंतरच्या कोरड्या वर्षांत सायखेड्यापासून निफाडपर्यंत किती विहिरींत उतरलो असेन. जुनी विहीर, बंद पडलेली मोटार, उतरायच्या आधी दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. तळापर्यंत. वर तर तो तेवतोच. वाईट हवा जड असते, पाण्यासारखी खाली साचते. एकदा पिंपळगावकडे माझा जोडीदार कंदील विसरून उतरला होता. त्याला आम्ही गळ टाकून काढला. आणि मी, ज्याने पोट भरलं त्या कंदिलावर, मी तोंडासमोरचा दिवा बघून मान हलवून आलो होतो.

मी पळालो. गुडघे दुखतात, तरी पळालो. व्हॅनमध्ये मोटार उचलायचा दोर असतो, तो कमरेला बांधला. विलासला ओरडलो, "झरोक्यातली पोती काढ! बाहेरून! आत येऊ नको!" दोराचं टोक बायकांच्या हातात दिलं. "मी दोनदा झटका दिला की ओढा. नाही दिला तरी शंभर मोजून ओढा."

"शंभर कशाला," सखूबाई म्हणाली, "पन्नास मोजते." आणि दोर मनगटाला गुंडाळला.

दार उघडलं. पणती कोनाड्यात तेवत होती, पण ज्योत लांब आणि बारीक, वर ओढल्यासारखी. मी छाती भरून घेतली आणि उतरलो. टाक्यांमागे अण्णा दिसले. चार रिकामे क्रेट उपडे घालून त्यावर फळी, फळीवर चटई, त्यावर ते. चष्मा नीट काढून छातीवर ठेवलेला. तोंडावर इतकं समाधान होतं की क्षणभर वाटलं, झोपू दे माणसाला.

काखेत हात घातले, ओढलं. जड. पहिल्या पायरीपर्यंत आलो आणि दम संपला. वाकलेलो होतो, तोंड खाली, आणि श्वास घेतला गेला. छातीवर कोणीतरी गुडघा ठेवला. खरंच गुडघा, हाड लागत होतं. त्याच वेळी कोनाड्यातला दिवा विझला. आम्ही हलल्यामुळे खालची हवा वर ढवळली गेली असणार, बाकी काही नाही. अंधारात गुडगुड चालूच होती, आता अगदी कानाशी. दोनदा झटका द्यायचा हे मला आठवत होतं. पण मी दिला नाही. का दिला नाही ते पुढे सांगतो.

मग कमरेला हिसका बसला. पन्नास झाले होते. सहा बायकांनी आम्हा दोघांना बारा पायऱ्या ओढून काढलं, माझ्या नडग्या सोलल्या, अण्णांचं डोकं आपटलं, पण बाहेर काढलं. माईंनी अण्णांच्या तोंडावर पाणी मारलं, सुमनने सदरा फाडून मोकळा केला. बराच वेळ काही नाही. मग एक लांब, खरखरीत श्वास, आणि उलटी. त्या आवाजावर माई खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

निफाडच्या डॉक्टरांकडे व्हॅननेच नेलं. डॉक्टर म्हणाले, फरशीवर झोपले असते तर संपले असते. फूटभर उंचीच्या क्रेटने वाचवलं.

संध्याकाळी त्यांना परत सोडलं तेव्हा बायका गेल्या नव्हत्या. क्रेट सावलीत ओढले होते, वर ओली पोती टाकली होती, आणि बाभळीखालचे सात दगड आणून तळघराच्या दाराशी ओळीने मांडले होते. अण्णांना विचारलं नव्हतं. अण्णांनी बघितलं, चष्मा पुसला, आणि सखूबाईला म्हणाले, "दिवा कुठे ठेवता?"

"पायापाशी," सखूबाई म्हणाली.

"ठेवा."

मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहितो, कारण अशा छोट्या वायनऱ्या आता बऱ्याच निघतायत. भिंतीला जमिनीलगत भोकं पाडा, खाली पंखा बसवा, आणि हंगामात पंखा नसलेल्या तळघरात पाहुणा नेऊ नका. तुम्ही पाहुणे असाल तर कोणी कितीही शिकलेला असो, पायापाशी दिवा राहतो का ते विचारा. विचारायला लाज वाटली तर वरच थांबा.

घरी आलो. विलासने वहीतलं शेवटचं पान फाडलं, मग परत चिकटवलं. म्हणाला, जेवायला नेईन, खाली नेणार नाही. तुम्ही जाणार असाल तर चांदोरीचा पूल आणि माईंच्या हातचे मासे चुकवू नका. पेट्रोल, खाणं, चाखणं सगळं धरून तिघांचे दोन दिवसांत दीड हजार गेले. महाग नाही.

आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला. भोकं पाडून झाली, पंखा बसला, बायका कामावर आल्या. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला. माई जवळ असाव्यात.

"एक विचारू? तुम्ही पण वाकला होतात खाली. श्वास घेतला होतात."

"हो."

"मी कोणाला बोललो नाही. गॅसच होता, मला मान्य आहे. पण शेवटी कोणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. केसांतून हात फिरवत होतं. सदरा फाडला तेव्हा मला राग आला, की उठवता कशाला. तुम्हाला असं काही..."

ओट्यावर सुमन मटार सोलत होती. तिने वर बघितलं.

"नाही हो," मी म्हटलं. "माझ्या नुसत्या नडग्या सोलल्या."

"बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

सुमनने विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, पंखा चालतोय. तिने मटारचं टोपलं माझ्याकडे सरकवलं आणि मी सोलायला बसलो. दोराला झटका का नाही दिलात, हे तिने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर सांगीन म्हणतो. माझ्या केसांतली बोटं हलकी होती, थंड होती, आणि मला कसलीच घाई नव्हती.